दहा-दहा वेळा लिहूनही स्पेलिंग का चुकतं?

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका आईनं विचारलं आहे: "मुलगा आठवीत, सेमी-इंग्लिशला आहे. विज्ञान समजतं, गणित समजतं, पण स्पेलिंगमुळे मार्क जातात. चुकलेला प्रत्येक शब्द मी दहा वेळा लिहून घेते, तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक. लक्षात ठेवायच्या काही युक्त्या आहेत का? आणि मोबाईल सगळं दुरुस्त करून देतो, मग एवढा खटाटोप करावा का? मला स्वतःला दुकानाचे चेक लिहिताना धाकधूक होते, ते वेगळंच."

ताई, महाल भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी घरी चार-सहा पोट्टे येतातच. तुमचा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते दहा वेळा लिहिणं बंद करा. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच करायला लावत असे. एकदा एका मुलाची वही नीट बघितली. शब्द होता सेपरेट. पहिल्या ओळीत तो बरोबर होता, फळ्यावरून उतरवलेला. दुसरी ओळ पहिलीकडे बघून, तिसरी दुसरीकडे बघून. चौथ्या ओळीत मधला ए जाऊन तिथे ई आला होता आणि तिथून थेट दहाव्या ओळीपर्यंत तो ई तसाच उतरला होता, सुवाच्य अक्षरात. मुलानं बरोबर स्पेलिंग तीनदा गिरवलं आणि चुकीचं सातदा. हात चालत होता, लक्ष कुठेच नव्हतं. त्या दिवसानंतर मी ती शिक्षा कुणालाही दिली नाही.

त्या वहीतून दुसरी गोष्ट कळली, ती जास्त कामाची. सेपरेटमध्ये आठ अक्षरं आहेत: एस-ई-पी-ए-आर-ए-टी-ई. त्यातली सात त्या मुलाची कधीच चुकत नव्हती. चुकत होतं फक्त चौथं. रोजच्या रस्त्यात एकच खड्डा असतो आणि आपलं चाक नेमकं त्याच खड्ड्यात जातं, तसं. मग अख्खा रस्ता दहा वेळा कशाला तुडवायचा? खड्ड्यावर खूण करायची. वहीत शब्द मोठ्या अक्षरात लिहून ती एकच जागा लाल पेननं गोल करायची, आणि जी काही युक्ती करायची ती त्याच जागेवर बसवायची.

सेपरेटची माझी युक्ती अशी. शब्दाचे तुकडे पाडा: एस-ई, मग पी-ए-आर म्हणजे आपला पिंपळाचा पार, मग ए-टी-ई म्हणजे एट, खाल्लं. पारावर बसून वेगळं खाल्लं. पार म्हटलं की ए आपोआप येतो, आणि वेगळं म्हटलं की अर्थही आला.

आता ही चूक नेमकी तिथेच का होते, ते कळलं की निम्मं काम होतं. आपलं मूल देवनागरीत वाढलेलं असतं. देवनागरीचा शिरस्ता साधा आहे: जसं ऐकलं तसं लिहायचं. इंग्रजीकडे अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे तिथे एकाच अक्षराला अनेक कामं करावी लागतात. त्यातही सगळ्यात फसवा ध्वनी म्हणजे आपला साधा अ. इंग्रजीत शब्दाच्या ज्या भागावर जोर नाही, तिथला स्वर मिटून त्याचा अ होतो, मग लिहिताना तो ए असो, ई असो की ओ. डॉक्टर, टीचर, कॅलेंडर हे शब्द मराठीत लिहिले तर तिन्हींच्या शेवटी तोच बिनकान्याचा र. इंग्रजीत मात्र डॉक्टरला ओ-आर, टीचरला ई-आर, कॅलेंडरला ए-आर. कान इथे साक्ष देऊच शकत नाही. म्हणून "नीट ऐक आणि लिही" हा सल्ला अशा शब्दांना लागू पडत नाही, आणि मूल निष्काळजी आहे असंही समजू नये. ते देवनागरीच्या सवयीनं प्रामाणिकपणे लिहीत असतं.

यावर माझा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक अवघड शब्दाचे दोन उच्चार ठेवायचे. एक बोलायचा, एक लिहायचा. ही युक्ती माझी नव्हे, आमच्या लहानपणचे मास्तर हेच करत. नॉलेज लिहिताना सगळा वर्ग मनात "कनो-लेड-गे" म्हणायचा आणि के सुटायचा नाही, डी सुटायचा नाही. बुधवारचा बोलायचा उच्चार वेन्सडे, लिहायचा उच्चार "वेड-नेस-डे". यातला डी उगाच आलेला नाही. वोडन नावाच्या जुन्या देवाचा हा वार, त्या नावातला तो डी आहे. पण मुलांना देवापेक्षा आईच्या तोंडचं वाक्य जास्त लक्षात राहतं: "अगं वेडे, साडी नेस." वेड, नेस, डे. झालं.

काही शब्दांत तर मराठीनं लिहायचा उच्चार आयताच जपून ठेवला आहे. फेब्रुवारी हा शब्द आपण ब्रु म्हणून नीट उच्चारतो. कितीतरी इंग्रज तो पहिला आर गिळतात आणि मग लिहितानाही विसरतात. मुलाला सांगा, आपल्या आजीसारखं फेब्रुवारी म्हण आणि लिही: एफ-ई-बी-आर-यू-ए-आर-वाय. लायब्ररीचंही तसंच, आपल्या उच्चारात दोन्ही र शाबूत आहेत. एकूणच र ठणठणीत म्हणायची आपली सवय स्पेलिंगच्या फार उपयोगी पडते, तिची लाज वाटू देऊ नका.

दुसरी आपली शक्ती म्हणजे द्वित्त. पक्का, कच्चा, अण्णा, चिठ्ठी. मराठी कानाला जोडाक्षराचा ठसका बरोबर कळतो. इंग्रजीत डबल अक्षर लिहितात, पण बोलताना ते एकेरीच ऐकू येतं, म्हणून आपली मुलं एक अक्षर गाळतात. लिहायच्या उच्चारात तो ठसका परत आणायचा. कमिटी नव्हे, "कम्मिट्टीई": डबल एम, डबल टी, डबल ई. ॲड्रेस नव्हे, "ॲड्-ड्रेस्स". एम्बॅरसला "एम्बार्-रास्स": डबल आर, डबल एस. वर्गात हे एका सुरात म्हणताना मुलं इतकी रंगतात की पाठ कधी झालं ते त्यांनाच कळत नाही. एक पथ्य मात्र पाळा. आधी बोलायचा उच्चार वाक्यात म्हणून घ्यायचा, मग लिहायचा. नाहीतर मूल मुलाखतीतही कनोलेडगे म्हणेल.

आता युक्त्यांकडे येते. इंग्रजी पुस्तकांतल्या तयार युक्त्यांनी आपल्याकडच्या मुलांना फारसा उपयोग होत नाही, कारण ती वाक्यंच आधी पाठ करावी लागतात. युक्ती आपल्या भाषेतली, आपल्या घरातली हवी.

ग्रामर घ्या. हजारो मुलं शेवटी ई-आर लिहितात. खरं स्पेलिंग जी-आर-ए-एम-एम-ए-आर. पहिला जी बाजूला ठेवा. राहिलं काय? आर-ए-एम, राम. आणि पुढे एम-ए-आर, म्हणजे तेच उलटं. वाल्या कोळी मरा मरा म्हणत रामापर्यंत पोचला, ती गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नाही? सरळ राम, उलटा राम. एकदा ही गोष्ट सांगितलेलं मूल ग्रामरला ई लावताना मी पाहिलेलं नाही.

कॅलेंडरच्या शेवटी डी-ए-आर आहे, ते वाचा दर. दर महिन्याला पान उलटतं. डॉक्टरमध्ये दोन ओ आहेत, त्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोल गोळ्या. ट्यूशनचं तर काय सांगू. आपल्याच शहरात क्लासच्या कितीतरी पाट्यांवर मधला आय गायब असतो, कारण आपण टूशन म्हणतो. टी-यू-आय-टी-आय-ओ-एन. टी-यू म्हणजे तू, आय म्हणजे मी, आणि मग शन. ट्यूशनला तू आणि मी दोघंही जातो, मला सोडून जाऊ नकोस.

रेस्टॉरंट हा मोठ्यांनाही रडवणारा शब्द. पण नागपूरकराला तो सगळ्यात सोपा जायला हवा, कारण आपल्या तोंडात हिंदी सदैव असते. आर-ई-एस-टी रेस्ट, ए-यू-आर और, ए-एन-टी अँट, मुंगी. रेस्ट और अँट. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या पोटात आपला और बसला आहे, हे दाखवलं की मुलं टाळ्या वाजवतात.

अशा काही युक्त्या आपल्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिरत आल्या आहेत. असॅसिनेशन म्हणजे गाढवावर गाढव, गाढवावर मी, माझ्यावर देश: ए-एस-एस, ए-एस-एस, आय, नेशन. लेफ्टनंट म्हणजे खोटं, तू, दहा, मुंगी: एल-आय-ई, यू, टी-ई-एन, ए-एन-टी. कोणी पहिल्यांदा शोधल्या कोण जाणे, पण त्या टिकल्या, कारण डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.

टेंपरेचर आपल्या उन्हाळ्याचा शब्द. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसाचं टेंपर बिघडतं, तेव्हा टेंपर पूर्ण लिहा, टी-ई-एम-पी-ई-आर, मग ए, मग टी-यू-आर-ई. एन्व्हायर्नमेंटमध्ये एन राहून जातो. त्याच्या पोटात आयर्न आहे, लोखंड, आय-आर-ओ-एन, ते काढू नका. बिलीव्हच्या पोटात लाय आहे, खोटं, एल-आय-ई. विश्वासात खोटं लपलेलं असू शकतं, हे वाक्य आठवीच्या मुलांना का कोण जाणे, पण फार आवडतं.

नेसेसरीत सी एक आणि एस दोन. शर्टाला कॉलर एक, स्लीव्ह दोन. ही युक्ती इंग्रजांचीच आहे, पण शर्ट आपल्याही अंगात असतो म्हणून चालते. अकोमोडेशनची मात्र माझ्या एका विद्यार्थिनीनं स्वतः काढली. ती बारावीनंतर हॉस्टेलला राहायला गेली, तिच्या खोलीत दोघी मुली. भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, आता कधीच चुकणार नाही. दोन कॉट, दोन मॅट्रेस." डबल सी, डबल एम. मी ती युक्ती त्यानंतर प्रत्येक वर्गाला सांगितली. पण खरं सांगू, ती सगळ्यात घट्ट बसली तिच्या मनात, कारण ती तिनं शोधली होती. म्हणून तुमच्या मुलाला माझ्या युक्त्या पाच-सात द्या, आणि पुढच्या त्यालाच काढू द्या. खड्डा तुम्ही दाखवा, माती त्याला टाकू द्या.

युक्ती सगळ्याच शब्दांना लावत बसू नये. कितीतरी शब्दांचा उलगडा त्यांच्या भावंडांकडे होतो. जो स्वर एका शब्दात मिटतो, तो भावंडात लख्ख ऐकू येतो. ग्रामरचं भावंड ग्रामॅटिकल, तिथे ए स्वच्छ आहे. डेफिनेटली लिहिताना मुलं मधे ए घालतात. डेफिनिशन म्हणून बघा, आय ऐकू येतो. कॉम्पिटिशन मराठी कानाला पि वाटतं, पण मूळ कॉम्पीट आहे, तिथे ई. साइनमध्ये जी का? सिग्नल आणि सिग्नेचरमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. डेट, म्हणजे कर्ज, यातला न उच्चारला जाणारा बी मुलांना छळतो. त्यांना आईचं डेबिट कार्ड दाखवा, तोच बी. दोन्ही एकाच लॅटिन मुळातले. जुन्या इंग्रजीत कर्जाचा शब्द बी शिवायच लिहीत, पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन दिसावं म्हणून बी आणून बसवला.

यावर मुलं रागावतात. म्हणतात, उच्चार नाही तर लिहायचं कशाला? मी त्यांना विशेष हा शब्द फळ्यावर लिहायला लावते. पहिला शहामृगातला श, शेवटचा पोटफोड्या ष. बोलताना फरक करता का? नाही. मग लिहिता का? कारण शब्द तत्सम आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आला, आणि लेखनात आपण त्याचं कूळ जपतो. इंग्रजीही नेमकं हेच करते. शिवाय तिचं दुर्दैव असं की छपाई लवकर आली आणि उच्चार नंतर बदलले. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलायला लागलेच होते, आणि ते पुढे दोनेकशे वर्षं बदलत राहिले. नाइट, म्हणजे सरदार, या शब्दातला के एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. जीभ पुढे गेली, छापील अक्षर मागे राहिलं. सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश १७५५ साली आला तोवर बहुतेक स्पेलिंगं घट्ट झाली होती. हे सांगितलं की मुलांचा राग जातो, आणि राग गेल्याशिवाय पाठांतर होत नाही, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत मुलांची मोठी स्पेलिंग स्पर्धा होते. २०१९ साली तिथे ८ मुलं संयुक्त विजेती ठरली, त्यातली बहुतेक भारतीय वंशाची. त्या मंचावर मूल शब्द ऐकलं की लगेच अक्षरं म्हणत नाही. आधी विचारतं: अर्थ काय, शब्द कुठल्या भाषेतून आला, वाक्यात सांगा. म्हणजे तिथले पट्टीचे खेळाडूही शब्दाचं कूळ विचारूनच पुढे जातात.

जोडशब्दांचा एक नियम एका बैठकीत शिकवता येतो. आपल्याकडे संधी होताना अक्षरं बदलतात, विलीन होतात. सूर्य अधिक उदय, सूर्योदय. इंग्रजीत पुढे उपसर्ग लागला की बहुधा संधी होत नाही, दोन्ही तुकडे जसेच्या तसे शेजारी बसतात. डिस अधिक अपॉइंट: एस एकच, कारण अपॉइंट ए-नं सुरू होतो. डिस अधिक सॅटिस्फाइड: एस दोन, एक याचा, एक त्याचा. अन अधिक नेसेसरी: एन दोन. चुकीचं स्पेलिंग लिहिणं यासाठीचा मिसस्पेल हा शब्दच लोक एका एस-नं लिहितात. मिस अधिक स्पेल, दोन एस. उलट शेवटी फुल लागलं की त्याचा एक एल गळतो. ब्यूटिफुल, सक्सेसफुल, सगळ्यांना एकच एल.

शेवटचं अक्षर कधी डबल करायचं, हा प्रश्न जरा अवघड आहे आणि इथे घाई करू नका. ऑफरचं ऑफर्ड होताना आर एक, रेफरचं रेफर्ड होताना आर दोन. का? जोर कुठे आहे त्यावर. मराठीत असा जोर देऊन बोलत नाहीत, म्हणून मुलांना तो ऐकूच येत नाही. मी त्यांना शब्दाला हाक मारायला लावते, मैदानाच्या पलीकडच्या मित्राला मारतो तशी. "ऑऽऽफर." "रिफऽऽर." ज्या भागावर आवाज लांबतो तिथे जोर. तो शेवटच्या भागावर असेल, आणि शेवटी एकच स्वर व त्यापुढे एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन डबल. बिगिन, बिगिनिंग: डबल एन. ऑकर, म्हणजे घडणं, त्याचं ऑकर्ड: डबल आर. व्हिजिट, व्हिजिटेड: टी एकच. रेफरन्समध्ये आर पुन्हा एक होतो, कारण जोर सरकून पहिल्या रे वर आला. ट्रॅव्हलिंगला आपण डबल एल लिहितो, तो ब्रिटिश रिवाज, तो नियमाबाहेर ठेवा.

आय आधी की ई आधी, याचा नियम सगळ्यांना अर्धाच पाठ असतो. नियम फक्त तेव्हाच, जेव्हा ऐकू येणारा स्वर दीर्घ ई आहे. तेव्हा आय आधी: फील्ड, पीस, अचीव्ह, नीस. सी च्या मागून आला तर ई आधी: रिसीव्ह, सीलिंग, डिसीव्ह. नेबर, एट, वे यांत ए ऐकू येतो, तिथे ई आधी. नियम न जुमानणारे सीझ, विअर्ड, प्रोटीन आणि कॅफीन हे चौघं वेगळे पाठ करा.

व्ही आणि डब्ल्यू. आपल्याकडे एकच व, म्हणून व्हिलेज डब्ल्यू-नं सुरू होतं. आरशासमोर उभं करा. व्हिलेज, व्हेरी, व्हिजिट म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. वॉटर, वीक, विंटर म्हणताना ओठांचा गोल होतो. दोन दिवसांत फरक पडतो.

सरावाची पद्धत अशी ठेवा. बघ, झाक, लिही, तपास. शब्द बघायचा, लाल गोल डोळ्यांत साठवायचा. मग वही झाकायची. न बघता एकदा लिहायचा. मग स्वतःच पडताळायचा. एवढंच, एकदाच. तोच शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. दिवसाला चार शब्द पुरेत. एका दिवशी दहादा करण्यापेक्षा दिवस सोडून चारदा केलेलं जास्त टिकतं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. शब्द मात्र पुस्तकातल्या यादीतले घेऊ नका. त्याच्याच जुन्या वह्या काढा, विज्ञानाचीसुद्धा, आणि त्यातले त्याचे चुकलेले शब्द घ्या. तुम्हाला दिसेल की चुका शंभर असल्या तरी खड्डे पाच-सहा प्रकारचेच आहेत.

एक गोष्ट काळजीनं सांगते. तो मराठीतही वाचताना अडखळत असेल, काना-मात्रा सारख्या सुटत असतील, अक्षरांची उलटापालट होत असेल, तोंडी उत्तर उत्तम पण लेखी कोरं, असं असेल तर युक्त्यांच्या मागे लागू नका. डिस्लेक्सियाची शक्यता तज्ज्ञांकडून तपासून घ्या. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळासारख्या सवलती मिळतात, आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी असते. माझ्या हातून अशी दोन मुलं ओळखायची राहिली, त्यांना मी आळशी समजले. ते आजही मनाला लागतं.

मोबाईलचं म्हणाल तर तो चुकीचा शब्द धरतो, पण बरोबर स्पेलिंगचा भलताच शब्द अनेकदा सोडून देतो. लूज म्हणजे सैल, त्यात दोन ओ, सैल कपड्यात जागा जास्त असते. लूझ म्हणजे हरणं, त्यात एक ओ, एक हरवला. क्वाएट म्हणजे शांत, ई-टी. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, टी-ई. स्टेशनरी दोन आहेत: उभं असलेलं, अचल, त्याला ए, अचलचा अ धरा. वह्या-पेनवाली ई-नं, पेपरला ई-आर आहे तशी. यातली कुठलीही चूक मोबाईल बिनधास्त पुढे जाऊ देईल. शिवाय दहावीचा पेपर पेननंच लिहायचा आहे. मोबाईलची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तो कलरमधला यू काढून टाकतो, नोआ वेब्स्टरनं १८२८ च्या कोशात रूढ केलेल्या पद्धतीनं. सेटिंगमध्ये इंग्लिश इंडिया निवडा, म्हणजे शाळेच्या पुस्तकाशी जुळेल.

आता तुमचे चेक. संख्यांमध्ये खड्डे मोजकेच आहेत. फोर आणि फोर्टीनमध्ये यू आहे, फॉर्टीमध्ये नाही: एफ-ओ-आर-टी-वाय. चाळीसवर पोचल्यावर यू वाटेत राहिला, असं मी सांगते. एट आणि टीन जोडताना एक टी जातो, एटीनमध्ये टी एकच. नाइन्टीमध्ये ई राहतो, नाइन्थमध्ये जातो. ट्वेल्व्हचा ट्वेल्फ्थ होताना व्ही जाऊन एफ येतो, ही एक खरीखुरी संधी म्हणा हवं तर. हंड्रेडच्या शेवटी रेड आहे, लाल, आर-ई-डी. लाख एल-ए-के-एच. हे शब्द एका चिठ्ठीवर लिहून, अडणारी जागा लाल करून, चिठ्ठी चेकबुकाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. महिन्याभरानं ती उलटी करून चिकटवा, आणि न बघता लिहून झाल्यावरच उलटून पडताळा.